शोध कुणी लावला?

वर्तमानपत्रात हल्ली दर महिना-पंधरा दिवसांनी एक बातमी असते. सह्याद्रीत नवी पाल सापडली, कुठल्याशा ओढ्यात नवा खेकडा सापडला, अमुक जंगलात नवा बेडूक मिळाला. मला या बातम्या मनापासून आवडतात. आमच्या घरी पेपर आला की सगळे क्रिकेटच्या पानावर तुटून पडतात आणि मी ही चार ओळींची चौकट शोधत बसते. एवढ्या वापरलेल्या, रस्ते-धरणे-इमारतींनी भरलेल्या आपल्या मुलखात अजून नवे काही सापडते याचा मला या वयातही आनंद होतो.

पण त्या बातमीतले एक वाक्य मला खटकते. "हा जीव जगाला प्रथमच माहीत झाला." जगाला म्हणजे नेमके कुणाला हो? ज्या ओढ्यात तो खेकडा सापडला त्या ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायकांना तो माहीत नव्हता का? त्या जगात मोडत नाहीत का?

तुमच्यापैकी काही जण लगेच म्हणतील, बाई, शास्त्रीय शोध वेगळा आणि नुसते बघणे वेगळे. मान्य आहे. मी बत्तीस वर्षे शिक्षिका होते, विषय मराठी, आणि शिक्षक कमी पडले की पाचवी-सहावीला सामान्य विज्ञानही माझ्याच गळ्यात पडायचे. त्यामुळे शास्त्राविषयी मला आदर आहे. पण 'शोध' या शब्दाचा हिशेब आपण नीट करत नाही असे माझे ठाम मत झाले आहे. त्यासाठी आज तीन गोष्टी सांगते, एका घुबडाची, एका माशाची आणि एका रात्री हिंडणाऱ्या पक्ष्याची. तिन्ही खऱ्या आहेत.

घुबडापासून सुरुवात करू, कारण ते आपल्या महाराष्ट्रातले आहे. त्याचे नाव रानपिंगळा. आपला नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा तुम्ही पाहिला असेल, जुन्या वाड्याच्या भिंतीत किंवा आंब्याच्या ढोलीत बसतो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद, पण डोके मोठे, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, पायांवर दाट पांढरी पिसे आणि पंखांवर रुंद पट्टे. मुख्य म्हणजे हा दिवसा जागा असतो. भर उन्हात सागाच्या बोडक्या फांदीवर बसून शेपटी हलवत असतो.

हा पक्षी शास्त्राच्या वहीत नोंदवला गेला १८७३ साली. नोंदवणारे गृहस्थ म्हणजे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, तेच, काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात आपण ज्यांचे नाव पाठ करून घेत होतो ते. इंग्रज अधिकारी, पण पक्ष्यांचे वेड जबरदस्त. पहिला नमुना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्लूइट नावाच्या अधिकाऱ्याने मिळवला, म्हणून पक्ष्याला त्याचे नाव मिळाले. पुढे डेव्हिडसन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात काही पक्षी मारून त्यांचे नमुने केले. शेवटचा १८८४ सालचा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात नमुने. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे कुणालाच हा पक्षी दिसला नाही. म्हणजे, लिहिणाऱ्या कुणाला दिसला नाही.

दिसला नाही म्हणताना एक अपवाद सांगितला जायचा. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते, गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे, १९१४. हे कर्नलसाहेब मोठे प्रस्थ. मोठा संग्रह, मोठी पुस्तके, मोठ्या ओळखी. तेव्हा चिठ्ठीवर शंका कोण घेणार? पक्षी १९१४ पर्यंत गुजरातेत होता असे सगळ्यांनी धरून चालले. आपले सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनीही १९७०च्या दशकात या पक्ष्यासाठी शोधाशोध केली, पण हाती काही लागले नाही.

पुढे १९९०च्या दशकात या कर्नलच्या संग्रहाचे पितळ उघडे पडू लागले. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी तो रानपिंगळा क्ष-किरणांखाली घालून तपासला. तेव्हा दिसले ते असे, की हा पक्षी मुळात डेव्हिडसननेच खानदेशात मारलेला. कर्नलने तो लंडनच्या संग्रहालयातून चोरला, आतले भरण काढून पुन्हा भरला, नवी चिठ्ठी बांधली आणि स्वतःच्या नावावर खपवला. असे त्याने एकदाच नव्हे, अनेक पक्ष्यांच्या बाबतीत केले होते. संग्रहालयातून नमुने परस्पर उचलतो म्हणून त्याला एकदा काही काळ तिथे बंदीही झाली होती, तरी नाव मोठे ते मोठेच राहिले.

म्हणजे बघा, एका खोट्या चिठ्ठीने किती जणांना चुकीच्या गावाला पाठवले! पुस्तकात छापले गेले की माणूस डोळे मिटून मानतो. आता प्रश्न राहिला की मांडवी खोटी, तर खरी जागा कोणती? रासमुसेन बाईंनी खोटी चिठ्ठी बाजूला काढली आणि जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्यांवरच्या गावांची यादी केली. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या दोघांबरोबर त्या एकेक गाव फिरल्या. आधी पूर्वेकडे, तिथे काही मिळाले नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात (तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला) सकाळच्या उजेडात रानपिंगळा समोर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला दोन गोष्टी वाटल्या. एक म्हणजे डेव्हिडसनचे कौतुक. पक्षी मारणे आज आपल्याला रुचत नाही, पण त्या माणसाने कुठे, कधी हे खरे लिहून ठेवले. शंभर वर्षांनी त्या दोन ओळींनी वाट दाखवली. दुसरी गोष्ट, आमच्या पुस्तकात 'घुबड निशाचर आहे' असे वाक्य असायचे आणि मुले ते घोकायची. सातपुड्यातल्या भिल्ल किंवा पावरा पोराला हे वाक्य वाचायला दिले असते तर त्याने बहुधा विचारले असते, "कोणतं घुबड, बाई?" दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून ओरडणारा पक्षी त्या रानात जन्म काढणाऱ्या माणसांच्या नजरेतून एकशे तेरा वर्षे सुटला, हे मला काही केल्या पटत नाही. त्यांना कुणी विचारले नाही, एवढेच.

आता माशाची गोष्ट. ही आपल्याकडची नाही, आफ्रिकेच्या किनाऱ्याची आहे, पण तिच्यात एक शाळामास्तर आहेत म्हणून माझी विशेष लाडकी.

सीलाकॅंथ नावाचा एक मासा आहे. त्याचे परे जाडजूड, मांसल देठावर बसवल्यासारखे, जणू चालायला निघालेले पाय. शास्त्रज्ञांना तो फक्त दगडातल्या ठशांवरून माहीत होता आणि डायनोसॉर गेले त्या सुमारास, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तोही संपला असे सर्वांचे मत होते. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन या बंदरात एका मासेमारी बोटीने आणलेल्या ढिगात पाच फूट लांबीचा निळसर मासा तिथल्या छोट्या संग्रहालयाच्या बाई मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी पाहिला. हे काहीतरी निराळे आहे हे त्यांनी ओळखले, मासा संग्रहालयात नेला आणि प्राध्यापक स्मिथ यांना चित्र काढून पत्र पाठवले. सुट्टीचे दिवस, टपालाला उशीर, उन्हाळा, तोवर आतले सगळे नासून फेकावे लागले. तरी मासा ओळखता आला. स्मिथ यांनी त्याला बाईंचे नाव दिले, हे चांगले केले.

मग स्मिथ यांनी चौदा वर्षे दुसऱ्या माशाची वाट पाहिली. त्यांनी माशाचे चित्र आणि शंभर पौंड बक्षीस अशी पत्रके इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज अशा तीन भाषांत छापून किनाऱ्याकिनाऱ्याने वाटली. एरिक हंट नावाच्या एका व्यापारी कप्तानाने ती कोमोरो बेटांवर नेली. डिसेंबर १९५२ मध्ये तिथल्या आंजुआन बेटावर अहमदी अब्दल्ला नावाच्या कोळ्याने रात्री एक मासा पकडला आणि दुसऱ्या दिवशी बाजारात नेला. तिथे तो अफान मोहम्मद या शाळामास्तरांच्या नजरेस पडला. मास्तरांनी पत्रक वाचलेले होते. त्यांनी अब्दल्लाला थांबवले, हा मासा कापू नकोस म्हणून. मग बेटाच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला, डोंगर ओलांडून, सुमारे चाळीस किलोमीटर तो मासा हंटकडे नेण्यात आला. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान मलान यांनी स्मिथना लष्करी विमान दिले. विमान उतरले, मासा पाहून प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आले.

इथवर गोष्ट सगळ्यांना आवडते. पुढचा भाग कमी जण सांगतात. कोमोरोच्या कोळ्यांना हा मासा मुळीच नवा नव्हता. त्याला त्यांच्याकडे नाव होते, 'गोंबेसा'. खोल पाण्यात रात्री दुसऱ्या माशांसाठी गळ टाकला की अधूनमधून हा लागायचा. मांस तेलकट, खायला फारसे बरे नाही, म्हणून बाजारात त्याला किंमत नव्हती. त्याचे खरखरीत खवले सायकलचे पंक्चर काढताना ट्यूब घासायला वापरत असेही सांगतात. विचार करा! साऱ्या जगाचे शास्त्रज्ञ ज्या जिवाला साडेसहा कोटी वर्षांमागे मेलेला समजत होते, त्याच्या खवल्यांनी एका बेटावर सायकलीची ट्यूब घासली जात होती.

आणखी एक गंमत. स्मिथ यांना वाटले की हा दुसरा मासा वेगळ्या जातीचा आहे, कारण पाठीवरचा एक परा नव्हता. म्हणून त्याला नवे नाव दिले, मलानिया, पंतप्रधानांच्या नावावरून. पुढे ठरले की जात तीच आहे आणि ते नाव बाद झाले. विमान देणाऱ्याचे नाव निदान काही काळ तरी लागले. गळ टाकणाऱ्याचे नाही आणि ओळखणाऱ्या मास्तरांचेही नाही. अब्दल्लाला बक्षीस मिळाले, हे मात्र सांगितले पाहिजे.

हीच कथा १९९७ मध्ये पुन्हा घडली, इंडोनेशियात. तिथल्या मनाडोच्या बाजारात हातगाडीवर एक सीलाकॅंथ चालला होता, तो एका तरुण अमेरिकन संशोधकाच्या पत्नीला दिसला. कोमोरोपासून हजारो किलोमीटर दूर. पुढच्या वर्षी कोळ्यांनीच जाळ्यात सापडलेला जिवंत मासा त्यांना आणून दिला. ही मात्र खरोखर वेगळी जात निघाली. कोळ्यांकडे तिलाही नाव होतेच, 'राजा लाउत', म्हणजे समुद्राचा राजा. आपल्यालाही कळेल असे नाव आहे, नाही का?

तिसरी गोष्ट थोडक्यात. जेर्डनचा धाविक हा आंध्रातला पक्षी. धाविक म्हणजे माळावर तुरुतुरु पळणारे पक्षी, आपल्या टिटवीच्या दूरच्या नात्यातले. हा १९०० साली शेवटचा नोंदवला गेला आणि मग गायब. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या भरत भूषण यांनी कडप्पा भागात गावोगावच्या पारध्यांना चित्रे दाखवून विचारायला सुरुवात केली. १९८६च्या जानेवारीत ऐतन्ना नावाच्या पारध्याने रात्री विजेरीच्या उजेडात तो पक्षी पकडून आणला. मग कळले, याचे भाईबंद दिवसा हिंडतात, हा रात्री. तेलुगूत त्याला नाव होते, कलिवी कोडी. कलिवी म्हणजे तिथले करवंदाच्या जातीचे झुडूप, कोडी म्हणजे कोंबडी. शहाऐंशी वर्षे जगाला न सापडलेला पक्षी ऐतन्नाच्या घराजवळच्या झुडपांत होता. नंतर तो भाग अभयारण्य झाला.

दिवसा जागणारे घुबड आणि रात्री जागणारा धाविक! निसर्ग आपल्या पुस्तकातली वाक्ये वाचून वागत नाही, हे मुलांना शिकवायला याहून चांगली उदाहरणे नाहीत.

आता या तीन गोष्टींवरून "गावकऱ्यांना सगळे ठाऊक असते, शास्त्रज्ञ उगाच मिरवतात" असे मला म्हणायचे आहे असे कुणी समजू नये. तसे म्हणणे सोपे आहे आणि हल्ली लोकप्रियही आहे. पण ते खरे नाही. आपल्याच लोकांना असेही 'ठाऊक' आहे की मांडुळाला दोन तोंडे असतात. नसतात. त्याची शेपटी बोथट असते, डोक्यासारखी दिसते, आणि त्यामुळे शत्रू फसतो. पण या समजुतीपायी आणि गुप्तधनाच्या वेडापायी तो गरीब साप लाखो रुपयांना चोरून विकला जातो. नागाला दूध पाजणे, घुबड घराच्या आढ्यावर बसले की कुणीतरी जाणार असे मानणे, हेही आपले 'पारंपरिक ज्ञान'च. रानपिंगळ्यासारख्या पक्ष्याला या समजुतींनीही छळले आहे. तेव्हा ऐकीव ते खरे असे मुळीच नाही. ते तपासले पाहिजे. ती तपासण्याची शिस्त शास्त्राकडे आहे, आणि गोंबेसा म्हणजेच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा वंश हे कोळ्याला नव्हे, स्मिथनाच सांगता आले.

पण मग छापलेले ते खरे असेही नाही. कर्नलची चिठ्ठी छापलेलीच होती.

माझे म्हणणे इतकेच आहे की शोध लागायला दोघे लागतात. एक पाहणारा आणि एक लिहिणारा. आणि लिहिणाऱ्याने तीन गोष्टी खऱ्या लिहिल्या पाहिजेत: कुठे, कधी आणि कुणी सांगितले. पहिल्या दोन आपले संशोधक कटाक्षाने लिहितात. तिसरी बऱ्याचदा आभाराच्या ओळीत 'स्थानिकांचे सहकार्य लाभले' एवढ्यात संपते. स्थानिक म्हणजे कोण? त्याला नाव नाही का? ऐतन्नाचे नाव भरत भूषण यांच्यामुळे आज आपल्याला माहीत आहे, म्हणून त्या माणसाविषयी मला आदर वाटतो.

हे सगळे एवढे कळकळीने लिहिण्याचे कारण आता सांगते. ते माशाचे नाही, घरचे आहे.

आमच्या सासूबाई मुरबाडकडच्या. शाळा दुसरीपर्यंत. पाऊस पडायच्या सुमारास कातकरी बायका बाजारात शेवळं घेऊन बसत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानकंदाचा फुलोरा. पान नंतर येते, आधी जमिनीतून हा तपकिरी-जांभळा कोंभ वर येतो. याची भाजी फार रुचकर, पण चुकली तर घशाला अशी खाज सुटते की विचारू नका. सासूबाई आतला तळाचा पिवळा भाग काढून टाकायच्या आणि भाजीत काकडं घालायच्या. काकडी नव्हे, काकडं, ती आवळ्याएवढी आंबट रानफळे. शेवळं विकणारीच्या पाटीत काकडंही असतातच, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. "शेवळं एकटं आणू नये," असे त्या म्हणायच्या.

पुढे मी वाचले की या कुळातल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, आणि आंबट पदार्थाने तो त्रास कमी होतो. शास्त्र पुस्तकातून मला पन्नाशीनंतर कळले, सासूबाईंच्या चुलीवर ते आधीपासूनच शिजत होते. आणि त्यांना ते कुणी सांगितले? त्यांच्या आईला एका कातकरणीने. तिचे नाव मी त्यांना विचारले होते. "ठकी," त्या म्हणाल्या. म्हणून इथे लिहिते.

सासूबाईंना अशा पंचवीसेक रानभाज्या नावानिशी माहीत होत्या. फोडशी, कुर्डू, टाकळा, भारंगी, लोत, कवला, दिंडा, चाईचा मोहोर... माझ्या मुलीला यातल्या पाच-सहा ओळखता येतात. नातीला टाकळासुद्धा नाही, तो तिच्या सोसायटीच्या कुंपणाबाहेर उगवतो तरी. तीन पिढ्यांत पंचवीसवरून शून्यावर. आमचे घर काही जगावेगळे नाही. तुमच्याकडेही मोजून बघा.

रानपिंगळा हरवला तर निदान संग्रहालयात त्याचे सात नमुने तरी होते. ठकीला जे ठाऊक होते त्याचा नमुना कुठे आहे?

यावर सरकारने एक चांगली सोय केलेली आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने आपल्या हद्दीतल्या झाडाझुडपांची, प्राणी-पक्ष्यांची आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेल्या माहितीची नोंदवही करायची आहे. लोकजैवविविधता नोंदवही असे तिचे नाव. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. कल्पना अशी सुंदर की वाटते, प्रत्येक गावाचा स्वतःचा ज्ञानकोश! पण वर्षे गेली, वह्या कोऱ्याच. मग राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली, दंडाची भीती दाखवली, आणि ठिकठिकाणी एकदम वह्या भरू लागल्या.

एका गावची (नाव सांगत नाही) अशी वही माझ्या पाहण्यात आली. गाव मला चांगले माहीत आहे. वहीत अशा झाडांची नावे होती जी त्या गावात नाहीत आणि जी शिवारात ढिगाने आहेत ती नव्हती. दुसऱ्या कुठल्या तरी गावाची यादी जशीच्या तशी उतरवलेली. माहिती देणाऱ्याचे नाव या रकान्यात सगळीकडे 'ग्रामस्थ'. मला तो कर्नलच आठवला. उद्या पन्नास वर्षांनी कुणी रासमुसेन बाई ही वही घेऊन त्या गावी आल्या तर बिचाऱ्यांनी काय शोधायचे? कोरी वही परवडली, ती निदान खोटे बोलत नाही.

मला विचाराल तर हे काम शाळांना द्यावे. तुम्ही म्हणाल, आधीच शिक्षकांच्या मागे जनगणना, निवडणुका आणि खिचडी, आणखी हे कशाला? मी हे दुखणे तुमच्यापेक्षा जास्त भोगले आहे. पण नाहीतरी मुलांकडून 'प्रकल्प' करून घेतातच ना? स्टेशनरीच्या दुकानात तयार चित्रे मिळतात, वाघ, सिंह, जिराफ, पेंग्विन. ती वहीत चिकटवायची, खाली चार ओळी उतरवायच्या, मार्क मिळाले. मुरबाडच्या मुलाच्या वहीत पेंग्विन! त्याऐवजी सांगावे, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून एक झाड, एक मासा किंवा एक पाखरू लिहून आण. नाव काय, कुठे असते, कधी दिसते, काय उपयोग, सांगितले कुणी. आणि शेवटी एक रकाना: हे मी स्वतः पाहिले का? हो की नाही. बस्स. एवढ्या पाच-सहा ओळींत मुलगा शास्त्र शिकतो, भाषा शिकतो आणि आजीला आपण काही तरी जाणतो असे वाटते. शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऐकलेले आणि पाहिलेले यांतला फरक ज्याला दहाव्या वर्षी कळला, तो पुढे मोबाइलवर आलेले काहीही पुढे ढकलणार नाही.

चुका होतील. एकाच झाडाला तीन गावांत तीन नावे असतील, मांडुळाला दोन तोंडेही लिहून येतील. येऊ देत. तपासणारे तपासतील. लिहिलेले तपासता येते, न लिहिलेले नाही.

आणि रानपिंगळ्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिलेच. १९९७ नंतर शोधणारे वाढले, तसा तो मेळघाटात सापडला, मध्य प्रदेशात सापडला. २०१४ मध्ये तर तो आमच्या ठाणे जिल्ह्याच्या बाजूला, तानसा अभयारण्यात दिसला. ज्या तानसाचे पाणी मुंबई पिते, तिथे! सातपुड्यापासून इतक्या दूर, सह्याद्रीत तो असेल असे आधी कुणाला वाटले नव्हते. 'अतिसंकटग्रस्त' या यादीतून २०१८ मध्ये त्याला एक पायरी खाली आणले, तरी 'संकटग्रस्त' तो आहेच. जुने साग-ऐनाचे जंगल, ढोल्या असलेली म्हातारी झाडे राहिली तर तो राहील.

म्हातारी झाडे आणि म्हातारी माणसे, दोन्हींच्या ढोल्यांत बरेच काही असते. असो.

आता नातेवाईक मंडळींना एक काम. मोठ्या वन्सं हे वाचून घेत असतील तर त्यांना माहीत आहे मी काय मागणार ते. सासूबाईंच्या पंचवीस भाज्यांपैकी माझ्या यादीत एकोणीस झाल्या आहेत. 'लहान पानांची, बांधावरची, ऋषीपंचमीच्या भाजीत घालायची' एवढेच एकीविषयी आठवते, नाव नाही. ज्याला आठवेल त्याने लिहून पाठवावे. गाव कोणते तेही लिहा, आणि तुम्हाला कुणी सांगितले तिचे नाव घालायला विसरू नका.